कुंपणाकडचा उतार

पाण्याचे दोन कॅन फोल्मरने सगळ्यांच्या देखत सभागृहाच्या ओट्यावर ठेवले. "कॉफी याचीच करा," तो म्हणाला. "माझ्या विहिरीचं आहे. पिऊन बघा आणि मग बोला."

अग्नेतेने किटली भरली. ती शेजारच्या स्वेनिंगची बायको. तरुणपणी ती फोल्मरची होता होता राहिली होती. तिला बघितलं की त्याला अजूनही झोंबायचं.

वसंतात गावाच्या विहिरीत तणनाशक सापडलं आणि पालिकेने ती बंद केली. तेव्हापासून गाव टँकरवर होतं. नवी विहीर कुणाच्या रानात घ्यायची आणि तिच्याभोवतीची कुठली जमीन फवारणीपासून राखायची, ते आज ठरणार होतं. शेवटी दोनच जागा उरल्या होत्या, एक फोल्मरची आणि दुसरी स्वेनिंगची.

म्हणजे पुन्हा स्वेनिंगच आडवा. ओढ्याकाठचं रान त्याचं. पाणी मंडळाचा अध्यक्ष तो. बक्षीस मिळणार ते त्याच्याच गाईंना. वाटेत स्वेनिंग भेटला की लोक सायकलवरून उतरतात, फोल्मर भेटला की नुसती घंटी वाजवतात. आता ही विहीर तरी आपल्या रानात यावी, घरोघरी नळ सोडताना लोकांनी आपलं नाव घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि स्वेनिंगने ते बघत बसावं, हेही हवं होतं. खोटं कशाला सांगा?

एक समाधान मात्र त्याने वर्षानुवर्षं जपलं होतं. त्याच्या अंगणाचा उतार स्वेनिंगच्या कुंपणाकडे होता. फवारणी झाली की तो टाकी तिथेच नेऊन धुवायचा. उरलंसुरलं औषधही तिथेच ओतायचा. "जाऊ दे लेकाच्या घशात," असं पुटपुटायचा, आणि त्या दिवशी त्याला दोन घास जास्त जायचे.

पालिकेच्या मेरेतेबाईंनी भिंतीवर नकाशा लावला. त्यावर निळे बाण होते.

"वरचा उतार बघून फसू नका," त्या म्हणाल्या. "खालचा चिकणमातीचा थर उलटा कललाय. जमिनीखालचं पाणी स्वेनिंगच्या कुंपणापासून फोल्मरच्या विहिरीकडे जातं. टेकडीचं सगळं पाणी शेवटी तिथेच येतं. म्हणून पालिकेने फोल्मरचं रान सुचवलंय. कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. टाळ्या वाजल्या. फोल्मरने आधी स्वेनिंगचं तोंड बघितलं. पडलेलं बघायचं होतं त्याला. ते पडलं नव्हतं, याचाही राग आला.

मग त्याची नजर नकाशावर गेली. एक बाण बरोबर कुंपणाच्या कोपऱ्यातून निघाला होता. टाकी धुवायची जागा तीच. तिथून सरळ त्याच्या विहिरीत.

म्हणजे इतकी वर्षं आपल्याच घरात, आपल्याच स्वयंपाकात.

या गावात निर्णय होईपर्यंत कॉफीच्या कपाला कुणी हात लावत नाही. आता झाला होता. अग्नेते किटली घेऊन टेबलांमधून फिरली. केकच्या बशा सरकल्या. फोल्मरच्या पाठीवर कुणीतरी थाप मारली. नुसतं गप्प बसलं की सगळं मिळालंच होतं. विहीर, मान, गावाच्या तोंडी नाव. पाहुण्यासारखं बसून टाळ्या वाजवणारा स्वेनिंगसुद्धा.

स्वेनिंग कप घेऊन उभा राहिला.

"विहीर माझ्याकडे यावी असं मला फार वाटत होतं," तो म्हणाला. "रात्री झोप लागत नव्हती, विचारा हिला. फोल्मर, तुझा हेवा वाटतो रे मला. आजचा नाही, शाळेपासूनचा. पण पाणी तुझं, तेव्हा मान तुझा. पहिला घोट मी घेतो."

सगळ्यांनी कप उचलले. स्वेनिंगने आपला ओठांशी नेला.

"स्वेनिंग," फोल्मर म्हणाला, "पिऊ नकोस ते."