चंद्रीची पसंती

"हे पाहा मॅडम, एवढंच!" रुख्मिणीनं दुधाचा गंज डॉक्टर नीलिमापुढे आदळला. तळाशी जेमतेम चहापुरतं दूध.

चंद्री गाय मात्र तोऱ्यात उभी. हिची आधीची दोन वासरं इंजेक्शनची, नामी बियाण्याची. तेव्हा हिनं शेवटच्या थेंबापर्यंत पिळू दिलं. गेल्या वर्षी बाई दावं तोडून पळाली, ती थेट पुंजाजीच्या ठेंगण्या, एकशिंग्या वळूपाशी. हे तिसरं वासरू त्याचं.

पुंजाजी गोठ्याच्या दारातच घुटमळत होता. इथलं आटोपलं की मॅडम त्याच्याकडे जाऊन तो वळू खच्ची करणार होत्या. इंजेक्शनच्या जमान्यात वळूकडे गाय आणतं कोण? नुसता बसून खातो म्हणून घरचे हात धुऊन मागं लागले होते.

"तुमच्या वळूपायी झालं हे," रुख्मिणी कडाडली. "असं ध्यान मोकळं सोडता काहून, भाऊ?"

पुंजाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नीलिमानं कास चाचपली. "आजारी नाही ही. पान्हा चोरून राह्यली. वासरू सोडा बरं."

वासरू सुटलं, कासेला धडकलं, अन् तोंडातून दुधाचा फेस ओघळायला लागला. चंद्री मान वळवून त्याला चाटत होती.

"माय वं! पहिल्या दोघांले तं लाथा मारे हे!" रुख्मिणी म्हणाली.

"काही जनावरांत दिसतं असं," नीलिमा म्हणाली. "नर मनाजोगता भेटला, की मादी त्याच्या पिल्लाले जास्त जीव लावते. आता एका गाईवरून मी काही लिहून देणार नाही..."

"पण मॅडम, हिले माहा वळू आवडला, एवढं तं खरं ना?" पुंजाजीनं विचारलं.

"ते तर अख्ख्या गावानं पाह्यलं."

पुंजाजीची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटते की काय! घरात नकोसं झालेलं जनावर त्याचं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं लपवलंही नाही.

नीलिमानं खच्चीकरणाचा चिमटा उचलला. "चला भाऊ, तुमच्याकडचं उरकू."

पुंजाजी जागचा हलेना. नाही म्हणायची हिंमतही होईना.

रुख्मिणी दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. पदर खोचला.

"मॅडम, चिमटा पिशवीत ठेवा. भाऊच्या घरच्यांले मी सांगतो काय सांगायचं ते. जावई होय तो आमचा."