निरोगी माणसाचं रक्त

आमच्या लॅबची फरशी पुसणाऱ्या मावशी वर्षभर पाठ धरून चालत होत्या. चारदा त्यांनी मोठ्या डॉक्टरांना विनवलं, "साहेब, एकदा माझंही रक्त तपासा ना." चारही वेळा डॉक्टरांनी मान वर न करता दुखण्याच्या गोळ्या पुढे सरकवल्या. "वाकून काम करता, पाठ दुखणारच. उगाच बाऊ करू नका."

मग रक्तातली प्रथिनं तपासायचं नवं मशीन आलं. ते नीट चालतंय का, हे बघायला निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. डॉक्टर मला म्हणाले, "मावशींचं घे. त्यांना कुठे काय झालंय!"

आलेखात बुटकी टेकडी दिसायला हवी, तिथे उंच सुळका उभा राहिला. मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडांच्या आतल्या मज्जेचा कर्करोग असला, की असा सुळका येतो. डॉक्टर कडाडले, "नवंकोरं मशीन पहिल्याच दिवशी बिघडलं?" तासाभरात त्यांनी कंपनीचा इंजिनिअर बोलावून घेतला. त्याने मशीन उघडून पाहिलं, मावशींचं रक्त पुन्हा लावलं. पुन्हा तोच सुळका.

"मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात मज्जेच्या तपासणीत मायलोमाच निघाला. एक मणका खचला होता, वर्षभर घेतलेल्या त्या दुखण्याच्या गोळ्यांनी मूत्रपिंडंही निकामी होत आली होती. रिपोर्टवरून नजर काढून डॉक्टर मावशींवरच खेकसले,

 

"अहो, एवढं दुखणं अंगावर का काढलंत?"