पहिलं दूध

निर्मलाची नर्सिंगची परीक्षा होती. एका तरी बाळंतिणीला पहिल्याच दिवशी बाळाला पाजायला लावलं, तर पास. नागपूरहून आलेल्या मेट्रनबाई वही उघडून शेजारी उभ्या होत्या, आणि बहादरपूरच्या गोदाबाई बाळंतीण सुनेच्या खाटेपुढे आडव्या.

"आमच्यात पहिलं दूध फेकून देतेत, नर्सबाई."

"म्हशीचा चीक फेकता का, मावशी?"

"तो कशाला फेकू? सोनं असतं ते!"

"मग सुनेचंच का फेकायचं?"

गोदाबाई खाटेपुढून बाजूला सरल्या. "हे मात्र सही बोललीस, पोरी."

मेट्रनबाईंनी 'पास' लिहायला पेन टेकवलं. निर्मला हसत बाळाला उचलायला वळली, तोवर गोदाबाईंनी पिशवीतून पातेलं काढलं होतं.

"गूळ आणवते. गल्लीपुरता खरवस होईल ना?"