पंधरा सेकंदांचे केस

रविवारी धोक्याची लाल चौकट तिसऱ्यांदा उमटली, तेव्हा त्याने ‘तरीही चालू करा’ या बटणावर टिचकी मारली. त्याआधी, ॲपच्या सूचनेत लिहिल्याबरहुकूम, अँटिव्हायरस ‘फक्त पाच मिनिटांसाठी’ बंद केला होता.

विमा कंपनीत तो कामाला होता. ‘अनोळखी ॲप उतरवू नका’ ही पाटी तिथल्या प्रत्येक टेबलावर त्यानेच चिकटवली होती. पण हे ॲप फुकट होतं, आणि टकलावर केस असते तर माणूस कसा दिसला असता ते दाखवत होतं. बायकोच कुठूनसं ऐकून आली होती. त्याचा कॉम्प्युटर धापा टाकायला लागला, तशी ती म्हणाली, “माझ्या लॅपटॉपवर बघा की.”

तिच्या लॅपटॉपच्या झाकणावर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी नऊ वर्षं होती. तो गहिवरला. तिथेही त्याने तिन्ही लाल चौकटी ओलांडल्या.

पंधरा सेकंद त्याला दाट, कुरळे केस आले. मग जाहिराती आल्या.

सोमवारी सकाळी बायकोचा प्रबंध गेला होता. नऊ वर्षांचं फोल्डर जागेवरच नव्हतं, आणि प्रबंध विद्यापीठात द्यायला सतरा दिवस उरले होते.

“लाल चौकट आली होती का?” तिने शांतपणे विचारलं.

“तीनदा.”

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“दुसरी प्रत असेलच ना कुठेतरी?”

“घरच्या माणसापासून जपायला हवं, हे सुचलं नाही मला.”

त्यानंतर तो भांडी घासू लागला. आधीच घासलेलीही घासू लागला. सासूबाईंनी फोनवर एवढंच ऐकवलं की टक्कल होतं तिथेच राहिलं आणि पोरीची पदवी तेवढी गेली. तिच्या मार्गदर्शक सरांनी त्याला बोलावून घेतलं आणि विद्यापीठासाठी कबुलीजबाब लिहून घेतला: प्रबंध माझ्या निष्काळजीपणामुळे नष्ट झाला. खाली सही. त्या कागदावर तिला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. सहीसाठी सरांनी स्वतःचं पेन दिलं, पण बसायला सांगितलं नाही.

लॅपटॉप दुरुस्तीला नेतो, असं तो रोज म्हणायचा. ती रोज म्हणायची, “दुकानाच्या पायऱ्या झिजवू नका. गेलं ते गेलं.” रात्री तिला गाढ झोप लागायची. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. एवढ्या मोठ्या मनाच्या बाईचं आपण वाटोळं केलं, या विचाराने तो छताकडे बघत पडायचा.

ती दोन दिवस माहेरी गेली, तेव्हा त्याने लॅपटॉप पिशवीत घातला आणि चौकातलं दुरुस्तीचं दुकान गाठलं. मेकॅनिकला त्याने सगळं सांगितलं. केसांचंही सांगितलं. हवे तितके दिवस घ्या, म्हणाला, पण हिची नऊ वर्षं तेवढी परत काढून द्या.

मेकॅनिकने झाकणावरची चिठ्ठी वाचली, लॅपटॉप उघडला, थोडा वेळ इकडेतिकडे बघितलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

“साहेब, तुमचं ॲप भुरटं आहे. जाहिराती दाखवण्यापलीकडे त्याची मजल नाही. ते फोल्डर मीच पुसलंय, तुमच्या त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी. मॅडम इथेच बसल्या होत्या. आता कुणालाही परत काढता येणार नाही ना, असं दोनदा विचारलं त्यांनी.”

त्याने झाकण मिटून ती चिठ्ठी पुन्हा वाचली.

“काय होतं त्यात?”

“एकच पान होतं, म्हणून तर लक्षात राहिलं. वर ‘ऋणनिर्देश’, आणि खाली एक ओळ: माझ्या पतीच्या सहकार्याशिवाय हे शक्यच झालं नसतं.”