अर्लची स्वयंपाकीण

स्कॉटलंडमधल्या आपल्या काकांना, म्हाताऱ्या अर्लना, मूठमाती देऊन रॉडरिक थेट गढीच्या स्वयंपाकघरात शिरला.

"मोरॅग, काका बिनलग्नाचे गेले, आता अर्ल मी. तू आणि तुझा तो लॅखलन शनिवारपर्यंत निघा. बाबा होते तेव्हा तुला थट्टेनं वहिनी म्हणायचे, म्हणून काही तू घरची होत नाहीस."

स्वयंपाकीण लापशी ढवळत राहिली. "रॉडी, अर्ल आता त्यांचा मुलगा. माझा लॅखलन. तीस साली तुझ्या काकांनी याच चुलीपुढे दोन साक्षीदारांदेखत मला बायको म्हटलं, मी त्यांना नवरा. तेव्हाच्या कायद्याला एवढं पुरायचं. पाद्री नको, कागद नको."

"कोण साक्षीदार?"

"एक माळी, तो वारला. दुसरे तुझे बाबा. आठवून बघ, जन्मात दुसरी कुठली थट्टा केली होती त्यांनी?"