आबांच्या आवाजाची दुरुस्ती

पडद्यावर पुन्हा तीच ओळ.

    तुटलेली पॅकेजेस आहेत. आधी ती दुरुस्त करा.

कशी? कोकिळाने तीनदा करून पाहिलं होतं. सकाळी लिनक्सचं अपडेट चालू असताना वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी तेव्हा चार्ज केलेली नव्हती. प्रोग्रामचे नवे भाग, म्हणजे ती पॅकेजेस, अर्धे बसले, जुने अर्धे निघाले, आणि आबांचा आवाज गेला.

तिच्या वडिलांची, बन्सीलाल आबांची वाचा अर्धांगात गेली होती. पेन धरवत नव्हतं. डाव्या हाताच्या एका बोटाने ते कळा दाबत, लॅपटॉप बोले. तोच त्यांचा आवाज.

आज पहूरचे पाहुणे कोकिळाच्या लग्नाची बोलणी करायला चोपड्याला आले होते. बापाने तोंडी शब्द द्यायचा, मग सुपारी फोडायची. एकदा फुटली की मागे फिरणं नाही. काल रात्री कोकिळा आपल्या मनातलं फक्त आबांपाशीच बोलली होती.

"काय व्हयनं व पोरी?" हिलाल नाना, तिचे काका, दारात आले. "पाव्हना वाट दखी रायनात."

"दोन मिनिटं, नाना."

    आवाजाच्या पॅकेजला जुनी लायब्ररी हवी. बसलेली लायब्ररी नवी आहे.

लायब्ररी म्हणजे आवाजाला चालायला लागणारा भाग. नवी काढायला जावं,

    काढता येत नाही. आवाजाचं पॅकेज अर्धवट आहे.

हिने त्याला धरलेलं, त्याने हिला. सुटका नाही.

बैठकीतून मुलाचे मामा, प्रेमराज, हसत म्हणाले, "मशीनचा शब्द उद्या फिरणार तर नाही ना?"

सगळे हसले. नानांनी अडकित्ता हातात घेतला. "मशीन कशाले? भाऊनी मान दखा ना, हालीच रायनी!"

आबांची मान आजारापासून सतत हलायची. हो म्हटल्यासारखी.

"नको, नाना!" कोकिळा ओरडली. "आबा स्वतः बोलतील. मी सांगते ते ऐका तरी..."

"तुनं काय ऐकानं? मोठा माणसंस्नी बैठक शे. मी देस शब्द भाऊना वतीनं."

इंटरनेट रडत होतं, जुनी लायब्ररी उतरवायला वेळ नव्हता. मग सुचलं. आधी कधीतरी उतरवलेल्या फायली डिस्कवरच पडून असतात. तिने शोधलं. जुनी लायब्ररी आणि आवाजाचं जुनं पॅकेज, दोन्ही होती! दोन्ही अर्धवट पॅकेजेस तिने एकदम, जबरदस्तीने उपटली आणि जुनी जोडी जोडीनेच बसवली.

    बसवत आहे...
    बसवत आहे...

बाहेर नानांनी घसा खाकरला. "तर मंडळी, भाऊच्या वतीने मी..."

    पूर्ण.

ती लॅपटॉप घेऊन पळाली. आबांच्या मांडीवर ठेवला. पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "पोरीला भारी घाई आहे!" हशा झाला. तिने मान खाली घातली.

आबांचं बोट एकेका कळेवर सावकाश पडत गेलं. नानांनी सुपारी अडकित्त्यात धरली. शेवटची कळ दाबली गेली आणि तो सपाट आवाज बैठकभर पसरला.

"हिलाल, थांब. पोरीले हाई लगीन नको शे."