लागू नसेल ते खोडावे

"बोटं पसर. आणि हलू नकोस."

डॉक्टरांनी तिचा डावा पंजा काळ्या पाटीवर सपाट ठेवला आणि स्वतः काचेमागे गेल्या. हलू नकोस म्हणणं सोपं होतं. तिचा हात कोपरापासून कापत होता. यंत्र गुरगुरलं आणि थांबलं.

"पुन्हा," डॉक्टर काचेमागून म्हणाल्या. "अगं, हात कापून नाही घेत तुझा. एक्सरेच काढतेय."

तिसऱ्या वेळी एक्सरे नीट आला.

टेबलावर हवालदारबाईंनी आणलेला कागद होता. तिने तो येताना गाडीत वाचला होता, मग पुन्हा, मग पुन्हा. 'सदर व्यक्ती मुलगी / स्त्री आहे. लागू नसेल ते खोडावे.' जन्माचा दाखला सापडत नव्हता, म्हणून हाडांना विचारायचं होतं. हवालदारबाईंनी तिला नीट समजावून सांगितलं होतं. "अठराच्या आतली निघालीस तर मुलगी. मग वडिलांच्या ताब्यात. अठरा पुरी असतील तर स्त्री. मग कुठे राहायचं ते तुझं तू ठरव."

वडील बाहेर बाकावर बसले होते. दाराखालच्या फटीतून त्यांचे बूट दिसत होते. बूट हलले की ती अंग चोरायची.

एक तिसरा शब्दही होता. तो कागदावर नव्हता, आणि तिने तो कोणाला सांगितला नव्हता. बायको. पाच महिन्यांपूर्वी वडिलांनी तिचं लग्न लाकडाच्या वखारीच्या मालकाशी लावून दिलं होतं. तो कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप घालायचा. परवा घालायला विसरला, आणि ती पळाली. 'घरातून पळाले,' एवढंच तिने चौकीत सांगितलं. वडीलही लग्नाबद्दल चकार शब्द काढत नव्हते. लाज वाटत असेल, असं तिला वाटलं.

मुलगी म्हटलं की वडिलांची, आणि वडील तिला संध्याकाळच्या आत वखारीवर पोचवणार. बायको म्हटलं की त्याची. मग तर पोलीसच पोचवणार. स्त्री कोणाची असते, हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. म्हणूनच तिला तो शब्द हवा होता.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या चौकटीवर लावली. तिचा हात तिच्याशिवाय तिथे टांगलेला होता, पांढरा आणि मांस नसलेला. मनगटाजवळ हाडाच्या टोकाशी एक काळी रेघ आडवी गेली होती.

"ही काय आहे?" तिने विचारलं.

"इथून हाड वाढतं. वाढ संपली की ही रेघ बुजते." डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. "तुझी उघडी आहे. पंधरा, सोळा. अगदीच ताणलं तर सतरा."

"मॅडम, स्त्री लिहा ना."

"का?"

तिची नजर दाराकडे गेली. दाराखाली बूट हलले होते.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग फिल्मकडे. "रेघ नसती तर लिहिलं असतं गं," त्या हळूच म्हणाल्या. "दिसतंय ते नाही कसं म्हणू?" त्यांनी पेन उचललं आणि पट्टी धरून 'स्त्री' या शब्दावर सरळ रेघ मारली.

तिने डावा हात पाठीमागे घेतला.

हवालदारबाईंनी वडिलांना आत बोलावलं आणि कागद दाखवला. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"मी तेच सांगत होतो ना, मॅडम. लहान आहे हो ती अजून. चार घोट दूध पिऊन झोपायचं वय. पळून जायचं म्हणजे काय, हे तरी कळतंय का तिला?"

"म्हणजे तुम्हाला मान्य आहे," हवालदारबाई म्हणाल्या. "तसं खाली लिहा आणि सही करा. तारीख घाला."

वडिलांचं अक्षर सुरेख होतं. 'मान्य. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे.' खाली सही, सहीखाली दोन टिंबं, बाजूला तारीख.

"चल, पोरी," ते म्हणाले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. तेच, डावं. आतली रेघ त्यांच्या बोटांखाली आली.

मे महिन्यात त्यांनी हेच मनगट धरून तिला वखारवाल्याच्या गाडीत बसवलं होतं. ती रडत होती. 'आता काय पोर आहेस का रडायला?' ते म्हणाले होते. 'चांगली बाई झालीस.' तिने मनात महिने मोजले. पाच. पाच महिन्यांत कोणी लहान होत नाही. तेव्हा ती रेघ याहून रुंद असणार.

तिने हात सोडवून घेतला नाही. तेवढी ताकद तिच्यात नव्हती. आवाज मात्र कुठून तरी आला, बारीक आणि चिरका.

"बाबा, मी मुलगी आहे, तर मग वखारवाल्याशी लग्न कोणाचं लावलंत?"

मनगटावरची पकड सुटली. कागदाची घडी घालत असलेल्या हवालदारबाई थांबल्या. त्यांनी घडी पुन्हा उलगडली, सहीवर एकदा नजर टाकली, आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"लग्न कधी झालं?" त्यांनी विचारलं.

प्रश्न मुलीला नव्हता.